‘आणि पार्टी’ : कोरसातून पुढे आलेल्या एका आवाजाचा इतिहास

१.

परभणी जिल्ह्याचे वर्ष कानांनी मोजायचे ठरवले, तर ते तीन गर्दींत मोजता येते. फेब्रुवारीच्या आरंभी परभणी शहरात हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर उरूस भरतो आणि कव्वालीच्या मैफली झडतात. एप्रिलमध्ये भीमजयंती येते. निळे झेंडे, मिरवणुका आणि रात्र-रात्र चालणारे गाण्यांचे कार्यक्रम घेऊन येते. आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडच्या वाटेने पंढरीकडे जाते. त्या वाटेवरचे गंगाखेड हे तर जनाबाईंचे गाव. या तीन गर्दींत माणसे बरीचशी वेगवेगळी असतात. काही वेळा ती एकमेकांसमोर वैऱ्यासारखी उभीही राहिली आहेत. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यानंतर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांत परभणी आणि नांदेड हे जिल्हे विशेष होरपळले, हे विसरून या भूमीच्या सांस्कृतिक ‘समन्वया’विषयी बोलता येत नाही.

आणि तरीही यांपैकी दोन गर्दींच्या ध्वनिक्षेपकांवर एकच आवाज हमखास ऐकू येतो. तो आहे प्रल्हाद शिंदे यांचा. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे उरुसात, तो बहुधा वाजत नाही. पण तो आवाज ज्या शाळेत घडला, ती शाळा नेमकी तिथलीच आहे. शिंदे हे मुळात कव्वालीच्या पार्टीतले कोरस गायक. ‘अल हिलाल’ (१९५८) या चित्रपटातील कव्वालीमुळे देशभर पोहोचलेल्या इस्माईल आझाद यांच्या पार्टीत ते साथीला गात असत. त्या पार्टीतून बाहेर पडून त्यांनी स्वतःच्या नावावर गायला सुरुवात केली आणि पुढे मराठी भक्तिगीत व भीमगीत या दोन्ही प्रांतांत त्यांचे नाव घरोघर झाले.

समूह सोडून स्वतंत्र झालेल्या गायकाची ही गोष्ट वरवर सरळ दिसते. तिच्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द मात्र सरळ नाही. कव्वालांच्या ध्वनिमुद्रिकांवर मुख्य गायकाच्या नावापुढे ‘आणि पार्टी’ असे छापण्याचा प्रघात होता. ते दोन शब्द म्हणजे अनेक माणसांचे निनावी घर. शिंदे यांनी आपल्या कलाजीवनाचा आरंभ त्या दोन शब्दांच्या आत केला. एखादा माणूस ‘आणि पार्टी’मधून उठून त्या शब्दांच्या अलीकडे येऊन बसतो, तेव्हा नेमके काय बदलते? आवाज बदलतो, की मालकी, की केवळ छपाई? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

२.

आधी पार्टी म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. कव्वालीच्या बैठकीत मुख्य कव्वाल पुढे, त्याच्या शेजारी पेटी, मागे ढोलक किंवा तबला, मुंबईच्या पार्ट्यांत बहुधा बेंजो, आणि दोन्ही अंगांना व पाठीशी टाळ्या वाजवत पालुपद उचलणारे साथीदार अशी मांडणी असते. मुख्य गायक एखादी ओळ टाकतो, तिच्यात मध्येच दुसऱ्या कवीचा शेर गुंफतो, अर्थाला बगल देतो आणि पुन्हा मूळ ओळीवर येतो. तो कोणत्या क्षणी परतेल हे ठरलेले नसते. साथीदारांना ते त्याच्या श्वासावरून, मानेच्या हेलकाव्यावरून ओळखावे लागते. ओळ परत येताच सर्वांनी ती एकदम उचलायची, आणि तीही त्याच्याच उंच पट्टीत. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवण्याची जबाबदारी या सामूहिक आवाजाचीच होती.

मराठी वाचकाला ही रचना परकी नाही. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, कीर्तनात टाळकरी असतात, गोंधळात मुख्य गोंधळ्याला हुंकार देणारे जोडीदार असतात. परभणीचे राजाराम कदम यांच्यासारख्या नामवंत गोंधळ्याची कलाही अशा जोडीदारांशिवाय उभी राहत नाही. फरक आहे तो प्रवेशाचा. गोंधळ हा बहुतांशी घराण्यातून व जातीतून येतो. कीर्तनाला संप्रदायाची चौकट असते. शहरातली व्यावसायिक कव्वाली पार्टी मात्र तुलनेने मोकळी होती. आवाज उंच, ताल पक्का आणि रात्रभर बसण्याची तयारी असेल, तर साथीदार कोणत्या गावचा नि कोणत्या वस्तीतला, ही चौकशी तिथे दुय्यम होती. मंगळवेढ्याहून आलेल्या एका गरीब घरातल्या मुलाला मुंबईच्या परिसरात संगीताचे शिक्षण मिळण्याची जी थोडी दारे उघडी होती, त्यांत हे एक होते. गुरुगृही राहून तालीम घेण्याची चैन नव्हती. रोजंदारीवर साथ करता करता कानांनी जे उचलले तेच शिक्षण.

मराठवाड्यातल्या श्रोत्यालाही कव्वाली ही बाहेरून आलेली गोष्ट वाटत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची व शिक्षणाची भाषा उर्दू होती. परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ (१९१३-१९५३) यांच्या लेखनात त्या भाषेची लय सहज झिरपलेली दिसते, ती काही हौसेने आणलेली नव्हे. कानांवर रोज पडणारे ते बोलणेच होते. त्यामुळे पुढे भीमजयंतीच्या मंचावर मराठी शब्द कव्वालीच्या चालीत आले, तेव्हा इथल्या श्रोत्याला त्याचे नवल वाटले नसावे. टाळीचा ठेका ओळखीचा होता. फक्त ज्याचा गौरव करायचा ते नाव नवे होते.

३.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा. घराणे मूळचे मंगळवेढ्याचे. लहानपणी आईवडिलांच्या गाण्याला साथ करण्यापासून त्यांचे गाणे सुरू झाले. मंगळवेढा हे नाव मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला चोखामेळ्याची आठवण करून दिल्याशिवाय राहत नाही. गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर असताना ती कोसळून चोखोबांचा मृत्यू झाला तो इथेच, अशी परंपरा सांगते. आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या आत नव्हे तर महाद्वारासमोर आहे. विठ्ठलाचे हे मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले झाले ते साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर. म्हणजे त्या वेळी प्रल्हाद शिंदे सुमारे चौदा वर्षांचे होते. बालपणभर ज्या देवळाचे दार आपल्या समाजाला बंद होते, त्याच देवळाकडे चालत जाणाऱ्या पावलांचे गाणे पुढे याच माणसाच्या आवाजात महाराष्ट्रभर गाजले. दत्ता पाटील यांचे शब्द आणि मधुकर पाठक यांचे संगीत असलेले ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे ते गाणे. आज पालखीच्या वाटेवर ते वाजत असताना त्यामागे इतका इतिहास उभा आहे, हे चालणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात येत असेल?

या गाण्यांतील शिंदे यांची गायकी नीट ऐकली, तर पार्टीतले शिक्षण कुठे कामाला आले ते कळते. आवाज उंच, मोकळा, थोडा धारदार. शब्दाचे पहिले अक्षर ठोस पडते. कारण गर्दीत शब्द हरवला तर कव्वाल हरतो. ताना थोड्या, पण ओळीच्या शेवटी स्वर लांबवून सोडण्याची सवय मोठी. जणू समोरून कोणी तो उचलणार आहे याची खात्री असावी. त्यांची भक्तिगीते ऐकताना अनेकांना हात आपोआप टाळीकडे का वळतात, याचे स्पष्टीकरण मला इथे सापडते. भावगीताच्या गायकाला श्रोता शांत बसलेला हवा असतो. शिंदे यांच्या गाण्याने श्रोत्याला शांत बसूच दिले नाही. पार्टीतला कोरस त्यांनी मागे ठेवला खरा, पण त्याची जागा रिकामी सोडली नाही. ती श्रोत्यांना दिली.

भक्तीचा आशयही पाहण्याजोगा आहे. त्यांच्या लोकप्रिय गाण्यांत देव आता तरी प्रसन्न होणार आहे की नाही, असे त्यालाच विचारणारे एक गाणे आहे. त्यात शरणागती आहे, पण तक्रारही आहे. देवाला जाब विचारण्याचा हा सूर आपण चोखामेळ्याच्या आणि जनाबाईंच्या अभंगांत वाचतो व वर्गात त्यावर बोलतो. तोच सूर रिक्षात, लग्नाच्या मांडवात, सत्यनारायणाच्या पूजेत ऐकू आला की मात्र तो आपल्याला साहित्य वाटत नाही. शब्द दुसऱ्याचे, चाल तिसऱ्याची, मग गायकाचे त्यात काय, असा प्रश्न आपण करतो. पण देवाला विचारलेला तो प्रश्न खरा वाटतो तो विचारणाऱ्या आवाजामुळे. गुळगुळीत, सुखवस्तू आवाजात तीच ओळ केवळ गोड वाटली असती.

४.

समूहातून निघून एकट्याने गाणे म्हणजे काय, हे जोखण्यासाठी जवळजवळ समवयस्क अशा एका परदेशी गायकाकडे पाहणे उपयोगी ठरेल. सॅम कुक (१९३१-१९६४) हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाचा मुलगा. १९५० मध्ये तो ‘सोल स्टरर्स’ या प्रसिद्ध भक्तिगायक चमूचा मुख्य गायक झाला. चर्चच्या सभांत त्या चमूचे गाणे ऐकून माणसे भान हरपत. कुकला ऐहिक प्रेमगीते गायची होती. पहिले तसे गाणे त्याने ‘डेल कुक’ या टोपणनावाने काढले. कारण चर्चचा श्रोता दुखावेल ही भीती होती. आवाज लपवता आला नाही आणि तो ओळखला गेला. १९५७ मध्ये त्याने चमू सोडला आणि त्याच वर्षी त्याचे एकल गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. चर्चमधला उत्कट सूर घेऊन तो संसारातल्या सुखदुःखाकडे वळवण्याच्या या पद्धतीला पुढे ‘सोल’ संगीत म्हटले गेले. कुकने दुसरीही गोष्ट केली. आपल्या गाण्यांचे हक्क सांभाळणारी संस्था आणि स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी त्याने उभी केली.

शिंदे यांच्या वाटचालीशी याचे साम्य आहे, तसाच मोठा फरकही आहे. साम्य हे की दोघांनीही समूहगायनात तापलेला आवाज बाहेर आणला आणि वेगळ्या आशयाला लावला. फरक हा की कुक पवित्राकडून ऐहिकाकडे गेला. शिंदे एका धर्मपरंपरेतल्या गायनप्रकाराकडून दुसऱ्या धर्मपरंपरेच्या देवाकडे आले, आणि त्याच वेळी त्या देवाला नाकारणाऱ्या चळवळीच्या गाण्याकडेही गेले. कुकला टोपणनाव घ्यावे लागले. शिंदे यांना लागले नाही. कारण त्यांचे दोन श्रोते एकमेकांच्या वस्तीत फारसे येत-जात नव्हते. एका दुकानात विठ्ठलाच्या गाण्यांच्या कॅसेटवर त्यांचे नाव होते, दुसऱ्या दुकानात भीमगीतांच्या. दोन्हीकडची माणसे त्यांना ‘आपला’ म्हणत. नाव बदलावे लागले नाही, हे त्यांच्या लोकप्रियतेचे लक्षण मानता येईल. पण समाजातल्या भिंती किती भक्कम होत्या, याचेही ते लक्षण आहे.

मालकीच्या बाबतीत तर तुलना अधिकच बोचते. ध्वनिमुद्रिकेच्या युगात कंपन्या मोजक्या होत्या, आणि कोणाचे गाणे निघावे हे त्याच ठरवत. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि लहान-लहान कंपन्यांचे पेव फुटले. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातील या घडामोडीवर ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) हा ग्रंथ लिहिला. त्याचे मुख्य म्हणणे असे की कॅसेटने संगीतातली मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक, तळच्या आवाजांना बाजार मिळवून दिला. महाराष्ट्रातही हे घडले. बसस्थानकाजवळच्या टपरीवर, टेंपोत, जीपमध्ये, जयंतीच्या मांडवात शिंदे यांचा आवाज पोहोचला तो कॅसेटमुळेच. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद हेही त्याच लाटेवर पुढे आले.

पण आवाज पोहोचणे वेगळे आणि त्या आवाजावर गायकाचा हक्क असणे वेगळे. एकरकमी मानधन घेऊन गाणे देऊन टाकायचे, हीच बाजाराची सर्वसाधारण रीत होती. भारतात गायकाला ‘कलावंताचा हक्क’ म्हणून काही मान्यता मिळाली ती १९९४ च्या कायदादुरुस्तीने. आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरातून स्वामित्वधन मिळण्याचा त्याचा अधिकार स्पष्ट झाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी गेले. ज्या माणसाचा आवाज दर आषाढीला आणि दर चौदा एप्रिलला लाखो कानांवर पडत होता, त्याच्या हयातीत तो अधिकार कायद्याने त्याला नीटपणे दिलेलाच नव्हता. ‘आणि पार्टी’च्या अलीकडे येऊन नाव मिळाले, हक्क त्या नावामागोमाग आला नाही.

५.

आता अधिक अवघड प्रश्न. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. हिंदू देवदेवतांची उपासना न करणे हा त्यांतला मध्यवर्ती भाग. अशा समाजातून आलेल्या, त्या चळवळीची गाणी गाणाऱ्या गायकाने विठ्ठलाची आणि सत्यनारायणाचीही गाणी गावीत, हा अंतर्विरोध नव्हे काय? हा आक्षेप घेणारे लोक खुळे नाहीत. ज्या देवळाच्या दाराशी पिढ्या थांबल्या, त्या देवळाची वाट गाण्यातून पुन्हा रम्य करणे म्हणजे चळवळीने मोठ्या कष्टाने उभा केलेला नकार सैल करणे, असे त्यांचे म्हणणे असू शकते.

या आक्षेपाची ताकद कळण्यासाठी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्याकडे पाहावे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा १९४३ पासून गीते लिहू लागले आणि आयुष्यभर आंबेडकरी विचारच गात राहिले. गावोगाव हिंडले, स्वतः लिहिले, स्वतः गायले, आणि आपल्या वाणीचा दुसरा उपयोग होऊ दिला नाही. १५ मे २००४ रोजी ते गेले आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत प्रल्हाद शिंदे गेले. एकाच उन्हाळ्यात गेलेल्या या दोन गायकांत मराठी समूहगायनाच्या दोन नीती दिसतात. एकीत गायक आणि विचार यांच्यामध्ये फट नाही. दुसरीत गायक हा कारागीर आहे; त्याच्या हातचे काम मागणाऱ्या प्रत्येकाला तो ते चोख करून देतो.

पहिली नीती उंच आहे, यात शंका नाही. मात्र दुसरीला केवळ तडजोड म्हणून मोडीत काढण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गावगाड्यात तळच्या जातींकडे गाणे-वाजवणे हे बहुधा कर्तव्य म्हणून लादलेले असे. हलगी वाजवायची, दवंडी द्यायची, मिरवणुकीपुढे चालायचे; मोबदल्यात बलुते किंवा उष्टे मिळायचे, आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. अशा समाजातला माणूस स्वतःची किंमत सांगून, ठरलेल्या तारखेला, आपल्या नावाने गातो आणि पैसे घेऊन घरी जातो, तेव्हा त्याने आपल्या आवाजाला वेठीतून सोडवून मजुरीत आणलेले असते. मजुरी म्हणजे मुक्ती नव्हे. पण वेठ आणि मजुरी यांतला फरक ज्याने भोगला आहे, त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही. शिंदे यांचे ‘स्वातंत्र्य’ मी या अर्थाने घेतो. विचारांचे स्वातंत्र्य वामनदादांनी कमावले. श्रमाचे शिंदे यांनी. दोन्ही अपुरी होती आणि दोन्ही खरी होती.

श्रोत्यांचे जगही आपण समजतो तितके काटेकोर नसते. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी उभ्या केलेल्या ओवी-संग्रहाचा त्या भाग आहेत. जात्याचा घास घालताना पूर्वी देवाचे नाव घेतले जाई, तिथे त्या बाया भीमाचे नाव घेतात. ओवीचा साचा तोच, दळणाची लय तीच, नाव नवे. नकार आणि परंपरा यांचे नाते अभ्यासक्रमात मांडतो तसे तुटक नसते. जुन्या भांड्यातच नवे धान्य पडते. शिंदे यांचा आवाज दोन वस्त्यांत एकाच वेळी का चालला, याचे थोडे उत्तर इथेही मिळते.

६.

साहित्याच्या शिक्षकांनी या साऱ्यात का पडावे? मला वाटते, कारण आपल्याकडे नाव आणि आवाज यांच्या नात्याचा विचार फार जुना आहे आणि तो आपण अर्ध्यावर सोडला आहे. गंगाखेडच्या जनाबाईंचेच पाहा. आपल्या अभंगांखाली त्या स्वतःला नामदेवांची जनी म्हणवतात. मुद्रा त्यांची, पण तिच्यात नाव आधी दुसऱ्याचे. नामदेवांच्या घरच्या दळण-कांडणातून, त्या घराच्या भजनातून उठलेला तो एक स्वतंत्र आवाज. आणि तरीही साहित्येतिहासात तो बराच काळ नामदेवांच्या परिवारातला एक म्हणून मोजला गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘नामदेव आणि पार्टी’. जनाबाईंना त्या दोन शब्दांतून बाहेर काढून स्वतंत्र कवयित्री म्हणून वाचायला आपल्याला शतके लागली. नामदेवांशी असलेले नाते तोडून हे वाचन शक्य नाही, हेही आपल्याला कळले. त्या आवाजाचे वेगळेपण त्या नात्याच्या आतच घडलेले आहे.

दलित साहित्याचा इतिहास शिकवताना आपण बाबूराव बागुलांच्या कथेपासून, नारायण सुर्व्यांच्या कवितेपासून, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’पासून बोलतो. गायकांचा उल्लेख आला तर प्रस्तावनेत, ‘जलशांची परंपरा’ अशा एका सामासिक शब्दात येतो. म्हणजे छापील साहित्याला लेखक असतात आणि गायलेल्या साहित्याला परंपरा असते. इथेही पुन्हा ‘आणि पार्टी’च. शर्मिला रेगे यांनी २००२ मध्ये लावणी आणि पोवाडा यांविषयी लिहिताना लोकप्रिय संस्कृती ही जात आणि लिंगभाव यांच्या संघर्षाची जागा म्हणून वाचावी, असे मांडले होते. त्या मांडणीच्या आधारे भक्तिगीताच्या आणि कव्वालीच्या कॅसेटकडे आपण अजून पुरेसे वळलेलो नाही. गीत कोणी लिहिले, चाल कोणी दिली, साथीला कोण होते, ते कोणत्या मंचावर आधी गायले गेले, यांच्या नोंदी कॅसेटच्या वेष्टनांवर होत्या. ती वेष्टने आता रद्दीत जात आहेत. भ्रमणध्वनीवर गाणे मिळते. पण गायकाचे नाव सोडून बाकीची नावे अनेकदा गळालेली असतात.

शिंदे घराण्याची तिसरी पिढी आज गाते आहे. प्रल्हाद शिंदे यांचे नातू आदर्श यांचा आवाज मराठी चित्रपटांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. आजोबांना मुंबईच्या एका पार्टीत मागच्या रांगेत बसून जे शिकावे लागले, ते नातवाला घरात मिळाले. कोरसातल्या एका माणसाने पुढे येऊन घराणे निर्माण करावे, ही मराठी संगीताच्या सामाजिक इतिहासातली लहान घटना नाही. ‘घराणे’ हा शब्द आपण ज्यांच्यासाठी राखून ठेवला होता, त्या यादीत हे नाव घालायला आपला हात अजून कचरतो, एवढेच.

पुढच्या वेळी गंगाखेडच्या वाटेवर पालखी येईल, किंवा परभणीत जयंतीची मिरवणूक निघेल, तेव्हा त्या ओळखीच्या आवाजामागचा कोरस ऐकावा. मुख्य गायकाने ओळ सोडली की क्षणाचाही विलंब न लावता ती उचलणारे ते आवाज कोणाचे आहेत, हे आता सांगता येणार नाही. पण प्रल्हाद शिंदे एके काळी त्यांच्यातलेच एक होते. त्यांना ते ठाऊक होते, म्हणूनच बहुधा एकट्याने गातानाही त्यांनी दर ओळीच्या शेवटी त्या माणसांसाठी जागा ठेवली.